‘भीड’, ‘लाज’ आणि ‘ओशाळणे’ : मदतीच्या संदर्भात

प्रश्न (फोंडा) : चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) वर्गणीला आलेल्यांना ‘भिडेखातर’ शंभर रुपये दिले, असे मी लिहिले असता एका स्नेह्यांनी तेथे ‘लाजेकाजेस्तव’ सुचवले. या दोहोंत भेद आहे काय? शिवाय, लाज वाटलेला माणूस मदतीला पुढे होतो की मागे सरतो?

उत्तर (म्हापसा) : भेद आहे. भीड समोरच्या माणसाची पडते, त्याच्या तोंडावर नाही म्हणवत नाही, आणि म्हणूनच ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आली. लाजेकाजेस्तव जे करावे लागते ते चारचौघांसाठी, म्हणजे पावतीपुस्तकात शेजाऱ्याचा आकडा दिसला म्हणून. आपल्या दारात कोण उभे होते, त्यावर शब्द ठरेल.

दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र मला ‘ओशाळणे’ अधिक मोलाचे वाटते. ‘मी कोणाचा ओशाळा नाही’ या वाक्यात ओशाळा म्हणजे मिंधा, उपकाराखाली दबलेला. म्हणजे शरमणे आणि देणे लागणे हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात नांदतात. मानसशास्त्रज्ञ हेलन ब्लॉक लुइस यांनी १९७१ मध्ये मांडलेला भेद असा, की अपराधभावात मन कृत्यावर रोखलेले असते, तर लज्जेत ‘मी’वर, त्यामुळे लाजलेला माणूस तोंड लपवतो, असा समज रूढ झाला. परंतु संशोधक इलोना दे हूगे व सहकाऱ्यांच्या २००८ मधील प्रयोगांत, ज्याला आपली फजिती ठाऊक आहे त्याच्याशीच व्यवहार असताना लाजेने, विशेषतः एरवी स्वतःपुरते पाहणाऱ्यांना, सहकार्यास प्रवृत्त केले. ती ठाऊक नसलेल्या तिऱ्हाइताबाबत तसा परिणाम दिसला नाही. ‘खजील’ या शब्दात ही देणे लागण्याची छटा नाही.

पुरवणी (मडगाव) : कोंकणीतील ‘म्हाका लज दिसता’ आमच्या मराठीत ‘लाज दिसते’ होऊन शिरते, ते टाळावे. बाकी वरील मत मला पटते. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधताना शेजाऱ्यांची मागून आणलेली शिडी माझ्या हातून मोडली, तेव्हा कित्येक दिवस मी त्यांच्या दारावरून जाणे टाळले. पुढे त्यांच्याकडे लग्नाचा मंडप कोसळला, तेव्हा कोणी न बोलावता सर्वांआधी मीच पोहोचलो होतो. त्या दोन्ही वेळच्या मनःस्थितीसाठी मी ‘ओशाळलो होतो’ असेच लिहीन.