प्रतिसाद: स्वस्त सिम आणि सराफ्यातली गर्दी

स्वस्त मोबाइल सेवा असताना लोक महागड्या कंपन्यांनाच का चिकटून राहतात, हा आपला प्रश्न रास्त आहे. पण आपण म्हणता तसे त्याचे सारे श्रेय जाहिरातींना देणे मला पटत नाही. अमेरिकेत अनेक स्वस्त कंपन्या मोठ्यांचेच टॉवर भाड्याने वापरतात आणि गर्दीच्या वेळी त्यांच्या ग्राहकांचा डेटा पुष्कळदा मोठ्यांच्या ग्राहकांच्या मागे ठेवला जातो, म्हणजे त्यांचे इंटरनेट मंदावते.

आपल्याकडे व्यवस्था वेगळी असली, तरी कसोटी गर्दीचीच. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, रात्री अकराला गराडूचे (तळलेल्या कंदाचे) पैसे देताना माझ्या स्वस्त सिमवर चक्र नुसते फिरत राहिले आणि मागच्या रांगेच्या नजरा चुकवत अखेर सौभाग्यवतींच्या फोनवरून पैसे द्यावे लागले. (त्यांचे सिम महागडे; टोमणा अर्थातच फुकट मिळाला.) महिन्याला वाचलेले शे-दीडशे रुपये अशा वेळी आठवतही नाहीत.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे; तथापि एकदा बदलल्यावर ९० दिवस परतता येत नाही. बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत असल्याने आमच्या काकांसारखी माणसे हा प्रयोग करायलाच धजत नाहीत, आणि त्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे होईल.