घरच्या चहाला टी-बॅग हवीच कशाला?

रानवारा: गॅस, पातेलं, गाळणी हाताशी असताना टी-बॅग बंद करावी, असं माझं स्पष्ट मत. पिरॅमिडच्या आकाराच्या जाळीदार पिशव्या बहुधा नायलॉनच्या नाहीतर पीईटी या प्लास्टिकच्या असतात. कागदी वाटणाऱ्या अनेक पिशव्यांतही कडा चिकटाव्यात म्हणून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे तंतू घालतात. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात ९५ अंशांच्या पाण्यात प्लास्टिकच्या एका पिशवीतून अब्जावधी सूक्ष्मकण सुटल्याचं मोजलं होतं.
दार्जिलिंगसारख्या मोठ्या पानाला ३०० मिली पाणी, ५ ग्रॅम पत्ती. पाणी उकळलं की गॅस बंद, मिनिटभराने पत्ती घाला, झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. पत्ती तशीच पाण्यात राहिली की दुसरा कप तुरट होणारच. मोठं पान चमच्याने मोजू नका, ते फुगीर आणि हलकं असतं. वजनकाटा वापरा.

दुपारपाळी: असहमत. तो अभ्यास प्लास्टिकच्या जाळीचा होता, कागदी पिशव्यांचा नव्हे. शिवाय २०२० साली जर्मन संशोधकांनी त्या आकड्यावरच आक्षेप घेतला: मोजलेल्यातलं बरंचसं प्लास्टिकचे तुकडे नसून, पाण्यात उतरलेले आणि नमुना वाळवताना घट्ट झालेले ऑलिगोमर, म्हणजे प्लास्टिकमधले छोटे रेणू आहेत. दोऱ्याने गाठ मारलेल्या, घडी घातलेल्या, चिकटवण नसलेल्या कागदी पिशव्याही मिळतात. होस्टेलवर नुसती किटली असते, तिथे चोथा बेसिनमध्ये जातो आणि पाइप तुंबतो. तिथे पिशवीच बरी.

तांबडं_फुटलं: दोघांनीही गाळणीचा विषय काढला नाही! आपल्याकडे चहा खळखळ उकळतो आणि तसाच नायलॉनच्या जाळीतून ओततो, तोही दिवसातून चारदा. जाळी पिवळी पडून कडेला उसवली तरी तीच गाळणी चालू. माझ्या मते आधी ती फेका, टी-बॅगचं नंतर बघू.
स्टीलची घेताना जाळी उजेडात धरून बघा. सीटीसी (यंत्रात चुरून गोळी केलेली पत्ती) दाणेदार असेल तर साधी जाळी पुरते, डस्टला म्हणजे भुकटीसारख्या बारीक चहाला दुहेरी बारीक जाळी लागते, नाहीतर कपाच्या तळाशी गाळ बसतो. दुधाची साय आणि चहाचा राप मिळून जाळी बुजते. आठवड्यातून एकदा गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून भिजवा आणि जुन्या ब्रशने घासा.
आलं घालणाऱ्यांनी ते आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं उकळावं, मगच दूध घालावं. कच्च्या आल्यातल्या एन्झाइमने दूध फाटतं, आणि दोष उगाच पत्तीला लागतो.

रानवारा: गाळणीचं शंभर टक्के मान्य, ते मीच लिहायला हवं होतं. होस्टेलचं मात्र पटत नाही. कपात बसणारी, कडेवर टेकणारी स्टीलची खोल जाळी घ्या. गोल साखळीवाला गोळा नको: पान भिजून फुगतं, गोळ्यात जागा नसते, मधली पत्ती धड भिजतही नाही. चोथा जाळीतच निथळू द्या आणि ओल्या कचऱ्यात झटका.

दुपारपाळी: खोल जाळी चालेल, तेवढं मान्य. मग ‘मक्यापासून बनलेली, विघटनशील’ म्हणून विकतात त्या पिशव्यांनाही नाहीच म्हणा. ते पीएलए, म्हणजे वनस्पतींपासून केलेलं प्लास्टिकच असतं, कुजायला कंपोस्ट कारखान्याची सलग ५५-६० अंशांची उष्णता लागते. बाल्कनीतल्या कुंडीत ती जाळी वर्षानंतरही जवळपास तशीच सापडते.

तांबडं_फुटलं: कुंडीचा विषय निघालाच आहे तर, दूध-साखरेचा चोथा धुतल्याशिवाय घालू नका. मुंग्या लागतात, बुरशी धरते. गाळणीतच दोन पाण्यांनी धुवा, वाळवा आणि मातीत मिसळा.