जुना फ्लॅट भाड्याने देऊन मोठं घर घ्यायचंय. बडोद्यात हिशोब कसा बसवावा?

कारेलीबागकर:
कारेलीबागेत २ बीएचके आहे, त्यावर ९ लाख कर्ज बाकी. आई-बाबा कायमचे राहायला येतायत, म्हणून भायलीकडे रीसेलमध्ये ८० लाखांचा ३ बीएचके बघतोय. जुना विकायचा नाही, भाड्याने द्यायचा. दलाल १४ हजार म्हणतो. हाताशी रोकड किती हवी, भाड्यावर कर किती आणि नवं घर कोणाच्या नावावर घ्यावं? पगार एकाचाच, नवी करप्रणाली.

हप्तेवाला:
भाडं हप्त्यात धरूच नका. भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं, रंगरंगोटी निघते. वर्षाला दहा महिन्यांचं भाडं धरलं तरच हिशोब खरा.

३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे ६४ लाख. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण ५५,५०० रुपये, आणि जुना हप्ता चालूच. पदरचे १६ लाख, स्टँप ड्युटी ४.९ टक्के म्हणजे ३.९२ लाख, नोंदणी १ टक्का म्हणजे ८० हजार. स्टँप आणि नोंदणीला बँक पैसे देत नाही. झाले पावणेएकवीस लाख. वकील, सोसायटीची ट्रान्सफर फी आणि फर्निचर वेगळं. शिवाय दोन्ही हप्त्यांचे सहा महिने बाजूला हवेत.

लोक अडकतात ते व्हॅल्युएशनला. बँकेच्या माणसाने घर ७४ लाखांचं ठरवलं तर कर्ज ५९.२ लाखांवर येतं आणि ४.८ लाख ऐनवेळी उभे करावे लागतात. म्हणून बानाखतात, म्हणजे खरेदीच्या आधीच्या लेखी करारात, ‘कर्ज पूर्ण मंजूर न झाल्यास टोकन परत’ ही अट लिहून घ्या. तोंडी कबुलीला अर्थ नाही.

वेराबिल:
करापुरतं सांगतो. वर्षाचं भाडं १,६८,०००. त्यातून तुम्ही भरलेला घरवेरा (पालिकेचा मालमत्ता कर) वजा, समजा ६ हजार. उरलेल्या १,६२,००० वर सरसकट ३० टक्के सूट, राहिले १,१३,४००. त्यातून जुन्या कर्जाचं व्याजही वजा होतं. ते ७५ हजारांच्या आसपास असेल तर करपात्र जेमतेम ३८ हजार. ही वजावट नव्या प्रणालीतही मिळते, फक्त तोटा आला तर तो पगारातून वळता होत नाही. या हिशोबामुळे जुनं कर्ज घाईने फेडू नका, ती रोकड नव्या घराला ठेवा.

नावाचं म्हणाल तर गुजरातेत खरेदीदार फक्त स्त्री असेल तर नोंदणी फी माफ आहे. ८० हजार वाचतात. राहत्या घराच्या व्याजाला नव्या प्रणालीत वजावट नाहीच, त्यामुळे पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतल्याने तुमचं करात काही जात नाही. बँक तुम्हाला सहकर्जदार करेल. पैसा तुमचा असल्याने पुढे विकताना नफा तुमच्या उत्पन्नात धरला जाईल, एवढं लक्षात असू द्या.

रावपुरा_दस्त:
भायलीची जागा टीपी स्कीममधली (नगररचना योजनेतली) असेल तर फायनल प्लॉट नंबर, म्हणजे योजनेत जमिनीला मिळालेला नवा नंबर, दस्तात जुळतो का ते बघा. बिल्डिंगला बीयू परमिशन (वापराचा परवाना) हवी. आणि घर ‘अशांतधारा’ (अशांत भागातल्या मालमत्ता व्यवहारांवरचा गुजरातचा कायदा) लागू असलेल्या भागात येतं का ते आधी विचारा. येत असेल तर दस्ताआधी कलेक्टरची परवानगी लागते आणि तिला वेळ जातो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी २६. तेव्हा तिथे पाणी कुठवर आलं ते वॉचमनला विचारा, ब्रोकरला नको. घर चौथ्या मजल्यावर असलं तरी मीटररूम आणि पाण्याची टाकी खालीच असते.

भाडेकरार ११ महिन्यांचा, दोन महिन्यांचं डिपॉझिट, भाडेकरूची माहिती पोलिसांत. करारात मीटरचं रीडिंग लिहा, कारण वीजजोडणी तुमच्या नावावर राहते आणि थकबाकीही तुमच्याच गळ्यात पडते.

कारेलीबागकर:
आभार. एक राहिलं: मालक कॅनडात आहेत, मुखत्यारपत्र त्यांच्या भावाकडे. टीडीएस (विक्रेत्याला पैसे देताना आपण कापायचा कर) १ टक्काच ना?

वेराबिल:
नाही! १ टक्का निवासी विक्रेत्याला. मालक करासाठी अनिवासी असतील, आणि घर दोन वर्षांहून जुनं असेल, तर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि सेस, तोही पूर्ण किमतीवर. त्यांनी आयकर अधिकाऱ्याकडून कमी कपातीचा दाखला आणला तरच कमी कापता येतो. दाखला हातात येईपर्यंत टोकनच्या रकमेवरही कपात करा. कमी कापलीत तर फरक व्याजासकट तुमच्याकडून वसूल होतो.

रावपुरा_दस्त:
मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित हवं आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर इथली स्टँप ड्युटी भरलेली हवी. विकण्याचा आणि पैसे स्वीकारण्याचा अधिकार त्यात स्पष्ट लिहिलाय का ते वाचा. दस्ताच्या आदल्या दिवशी मालकांशी व्हिडिओ कॉल करा. मुखत्यारपत्र देणारा हयात नसेल तर तो कागद चालत नाही.