मदत हवी आहे: हार्ड डिस्कमधल्या एररमुळे बॅकअप अर्धवट बंद पडतोय

लॅपटॉप जुना आहे, विंडोज १०, आत १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क. सिस्टीम इमेज (विंडोजसकट अख्ख्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत) घ्यायला लावली की सी ड्राइव्हवर ठराविक जागी येऊन अडकते, डिस्कचा टकटक आवाज येतो आणि मग आय/ओ डिव्हाइस एरर, कोड ०एक्स८००७०४५डी. बॅकअप २ टीबीच्या एक्स्टर्नलवर घेतेय, ती एनटीएफएस फॉरमॅटची आहे, जागा भरपूर आहे आणि दुसऱ्या लॅपटॉपचा बॅकअप तिच्यावर नीट होतो, त्यामुळे दोष तिचा वाटत नाही; केबल बदला, पोर्ट बदला हेही सगळं करून झालंय.

चेकडिस्क /एफ (फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी विंडोजची कमांड) चालवलं, फाइल सिस्टीम ठीक म्हणतंय. स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) वरती मोठ्या अक्षरात हेल्थ ओके, पण खाली करंट पेंडिंग सेक्टर (डिस्कला नीट वाचता न येणारे तुकडे) ४८ आणि ते वाढतायत (मग ओके कशाला म्हणतात देव जाणे), रिअ‍ॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेले सेक्टर) ८, सीआरसी एरर (केबलमधून डेटा जाताना होणाऱ्या चुका) शून्य. फोटो, कागदपत्रं हाताने कॉपी करून घेतलीत, ती सेफ आहेत. पण ऑफिसच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि सेटअप या विंडोजमध्येच आहे, परत इन्स्टॉल करायला सीडी नाही, म्हणून अख्ख्या डिस्कची कॉपी हवीये.

नवीन १ टीबी एसएसडी आणून ठेवलीय. चेकडिस्क /आर (अख्खी डिस्क वाचून खराब सेक्टर शोधणारं) अजून मुद्दामच चालवलं नाही, मरायला टेकलेल्या डिस्कवर तेवढा ताण नको वाटतं.

तर आधी /आर चालवून मग इमेज घ्यायची, की लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या डिस्कवरून वाचेल तेवढा डेटा काढणारं टूल) थेट एसएसडीवर क्लोन, म्हणजे हुबेहूब कॉपी, करून चेकडिस्क त्या क्लोनवर चालवायचं? आणि ४-५ सेक्टर वाचलेच नाहीत तर क्लोनवरून विंडोज बूट होतं का, कुणी केलंय का असं?