अंजदीवचे कपेल पडू द्यायचे की राखायचे?

काणकोणकर:
गोवा मुक्तिदिनाच्या निमित्ताने परवा येथे एका सदस्यांनी लिहिले की, कारवारजवळच्या, पण गोव्याच्या हद्दीतल्या अंजदीव बेटावरची ब्रोतश सायबिणीची (मेरीमातेची) इगर्ज म्हणजे चर्च आणि फ्रान्सिस असिसीचे कपेल म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, या परकीय सत्तेच्या खुणा आहेत, बेट आता नौदलाच्या तळाचा भाग आहे, तेव्हा त्या वास्तू पावसापाण्याने आपसूक जमीनदोस्त होऊ द्याव्यात आणि तेथे फेस्ताची (वार्षिक उत्सवाची) मागणी करणाऱ्यांनी गप्प बसावे. अशा लिखाणाला मी सहसा उत्तर देत नाही. पण माझ्याच तालुक्यातल्या जागेचा निकाल इतक्या सहज लागलेला पाहून राहवले नाही. १५०५ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने तेथे किल्ला बांधला आणि पोर्तुगिजांनी तो पुढच्याच वर्षी सोडून दिला. मुंबई पोर्तुगिजांकडून आंदण मिळूनही ताबा मिळेना म्हणून १६६२ नंतर इंग्रजांची पलटण याच बेटावर अडकून पडली आणि तिचा प्रमुख अब्राहम शिपमन याच्यासह बहुतेक सैनिक तेथेच मेले. १६८२ साली संभाजी महाराज तेथे किल्ला बांधण्याच्या विचारात असल्याचे कळताच पोर्तुगिजांनी घाईघाईने बेट पुन्हा तटबंदीत घेतले. या सगळ्याची साक्ष देणाऱ्या ज्या थोड्या इमारती उरल्या आहेत, त्याच पाडण्याची आपल्याला घाई का?

आर्यादुर्गेचा कुळावी:
ते सदस्य मीच, आणि लिहिलेले मागे घेणार नाही. आपण १५०५ पासून सुरुवात केलीत, हीच आपली चलाखी. आमची कुलदेवता आर्यादुर्गा आज अंकोल्यास आहे. ती मुळात अंजदीवची आणि फिरंगी आल्यावर तिला तेथून हलवावे लागले, हे आमच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. आमचे आजोबा अंकोल्याहून परतताना बिणग्यापाशी गाडी थांबवून समुद्राच्या दिशेने हात जोडत असत, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कपेल नसे. वास्को द गामाच्या पहिल्या सफरीच्या रोजनिशीतही त्या बेटावर घडीव दगडांची पडकी वास्तू, तीत लोक पूजत असलेले तीन काळे पाषाण आणि शेजारी बांधीव तळे पाहिल्याची नोंद आहे. ज्यांना इतिहास राखायचा आहे त्यांनी आधी ते पाषाण कोठे गेले हे सांगावे.

दर्यावर्दी (निवृत्त):
दोघांनाही एक साधी गोष्ट दिसत नाही. तेथे आता नौदलाच्या सीबर्ड प्रकल्पाचा लाटारोधक बांध आहे, बेट त्या बांधाने किनाऱ्याला जोडलेले आहे आणि २००५ साली आयएनएस कदंब हे नौदल केंद्र कार्यान्वित झाल्यापासून तेथे युद्धनौकांचा तळ आहे. मी नोकरीत असताना माझ्या स्वतःच्या बायकोला फाटकापाशी तासभर ताटकळावे लागले होते. आणि येथे मेणबत्त्या घेऊन होड्यांनी येणाऱ्यांसाठी फाटक उघडा म्हणतात! गोव्यात नौदलाला दोष देण्याची सवयच जडली आहे. दाबोळीला विमान उशिरा सुटले तरी नौदल, वास्कोत रस्ता अडला तरी नौदल. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी याच अंजदीवच्या लढाईत आपले सात नौसैनिक पडले, पोर्तुगिजांनी पांढरे निशाण दाखवून नंतर गोळ्या झाडल्याचे नौदलाच्या वृत्तांतात आहे, आणि त्या सातांचे स्मारक आयएनएस गोमंतक या नौदल तळावर आहे. त्यांचे नाव काढायची कोणाला आठवण झाली नाही.

माजाळीची माहेरवाशीण:
दर्यावर्दी, त्या सातांबद्दल कोणीही वावगे बोललेले नाही, तेव्हा त्यांची ढाल करू नका. आमचे घर हिंदू, तरीही माझ्या आईने माझ्या थोरल्या भावासाठी ब्रोतश सायबिणीला नवस केला होता आणि तो फेडायला ती २ फेब्रुवारीच्या फेस्ताला होडीने अंजदीवला गेली होती. होडीत निम्म्याहून अधिक बायका आमच्यासारख्याच होत्या. तेथे कोणी कोणाचा धर्म विचारला नाही आणि कुळावी महाशयांच्या आर्यादुर्गेची ओटीही आम्ही अंकोल्यास जाऊन तितक्याच भक्तीने भरली. त्या काळी तळ नव्हता हे मान्य आहे, परंतु फेस्त वर्षातून एक दिवस असते.

आर्यादुर्गेचा कुळावी:
भाविकतेच्या गोष्टींनी मूळ प्रश्न सुटत नाही, ताई. देवीला गाव सोडावे लागले त्या घरातल्या माणसाला ‘कोणी धर्म विचारला नाही’ हे ऐकवणे जखमेवर मीठ चोळणे आहे.

काणकोणकर:
ज्या रोजनिशीचा आधार आपण घेतलात ती पुढेही वाचावी. ती वास्तू मुसलमानांनी उद्ध्वस्त केली, असे स्थानिक लोकांनी सांगितल्याचे त्याच ठिकाणी लिहिले आहे. म्हणजे पोर्तुगिजांचे पहिले पाऊल पडण्याआधीच ती पडकी होती. तेव्हा सोळाव्या शतकातल्या फ्रान्सिस्कन पाद्रींवर तो आळ घालण्यापूर्वी जरा थांबावे. पोर्तुगिजांनी गोव्यात देवळे पाडली नाहीत असे मी म्हणत नाही, सासष्टीतल्या १५६७ च्या विध्वंसाबद्दल मी येथेच अनेकदा लिहिले आहे. पण सासष्टीचा पुरावा अंजदीवला चालत नाही. आणि चारशे वर्षांपूर्वीच्या अन्यायाची भरपाई म्हणून आजची भिंत ढासळू द्यायची, तर उद्या त्या तळ्याचा गाळ कोण काढणार? पुरातत्त्वाचे लोक कपेलाच्या नोंदीसाठी बेटावर उतरले, तरच आपल्या पाषाणांचाही शोध लागण्याची शक्यता आहे.

आर्यादुर्गेचा कुळावी:
एवढ्यापुरते खरे आहे, आणि ते आपल्याकडून ऐकावे लागले याचे दुःख आहे. पुरातत्त्व पाहणीच्या मागणीअर्जात तळे आणि जुन्या देवस्थानाची जागा पहिल्या ओळीत नसेल, तर मात्र माझी सही गृहीत धरू नये. फेस्ताला माझा विरोध कायम आहे.

माजाळीची माहेरवाशीण:
आपला विरोध सायबीण सहन करील. याहून मोठी वादळे तिने पाहिली आहेत.

दर्यावर्दी (निवृत्त):
पाहणीला माझी हरकत नाही. भिंत पडून जवान जखमी होण्यापेक्षा ती डागडुजी करून उभी असलेली बरी. परंतु अर्ज कारवारच्या तळाकडे करावा, पणजीच्या सचिवालयात खेटे घालू नयेत, कारण बेट गोव्याच्या नकाशात असले तरी फाटक तिकडे आहे. आणि फेब्रुवारीच्या फेस्तासाठी जानेवारीअखेर जागे होणाऱ्यांनी शिफारशीकरिता माझ्याकडे येऊ नये.