डीप पर्पलला प्रोग्रेसिव्ह रॉकच्या पंगतीत बसवावे का?

प्रश्न

आम्ही पाच-सहा जण पुण्यात महिन्यातून एका रविवारी एकत्र जमतो आणि एखादा विषय ठरवून ध्वनिमुद्रणे ऐकतो. पुढच्या चार बैठकांसाठी १९६७ ते १९७५ या काळातले ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक (लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे, शास्त्रीय संगीताकडे झुकणारे रॉक) हा विषय घेतला आहे. मूडी ब्लूज, किंग क्रिमझन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल आणि इमर्सन, लेक अँड पामर ही नावे कोणताही वाद न होता मान्य झाली. गाडे अडले ते डीप पर्पल या ब्रिटिश हार्ड रॉक (जोरकस, गिटारप्रधान रॉक) गटापाशी. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती चार स्वरांची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी धून) ज्यांची ओळख बनली, त्यांना या यादीत घेतले तर मग ब्लॅक सॅबथ आणि लेड झेपेलिन यांना कोणत्या तोंडाने नाकारायचे?

माझे मत त्यांच्यापेक्षा वेगळे आहे. १९६९ च्या ‘डीप पर्पल’ या तिसऱ्या अल्बममधली ‘एप्रिल’ ही बारा मिनिटांची रचना, त्याच वर्षी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाद्यवृंदासह सादर झालेला ‘कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ आणि १९७० मधले ‘चाइल्ड इन टाइम’ ही तीन उदाहरणे मला पुरेशी वाटतात. मात्र ‘मला वाटते’ एवढ्यावर बैठकीत कोणाचे समाधान होणार नाही. तेव्हा जाणकारांनी सांगावे, की एखादा हार्ड रॉक गट प्रोग्रेसिव्ह रॉकच्या शेजारी बसू शकतो की नाही, हे कोणत्या कसोटीवर ठरवायचे?

प्रतिसाद १

तुमच्या ज्येष्ठ सदस्यांच्या बाजूने मी उभा आहे, आणि डीप पर्पलवर माझे जुने प्रेम असूनही उभा आहे, हे आधी सांगतो.

गाण्याची लांबी, ऑर्गनचा वापर आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा स्पर्श या तीन गोष्टी दिसल्या की लोक प्रोग्रेसिव्हचा शिक्का मारून मोकळे होतात. माझ्या मते खरा प्रश्न हा आहे की गाण्याची लांबी कशामुळे वाढली. ‘चाइल्ड इन टाइम’ दहा मिनिटांहून थोडे अधिक चालते, पण त्याचा सांगाडा अगदी साधा आहे. मोजक्या स्वरसंगतींवर उभे असलेले एक संथ कडवे, त्यानंतर गायक इयन गिलनच्या शब्दावाचून चढत जाणाऱ्या आरोळ्या, मग गिटारवादक रिची ब्लॅकमोरचा वेगवान सोलो, आणि पुन्हा आरंभाकडे परतणे. मधला सगळा विस्तार वादकाच्या त्या क्षणीच्या स्फूर्तीतून येतो. ‘मेड इन जपान’ या मैफलींच्या थेट ध्वनिमुद्रणाच्या अल्बमवरचे ‘स्पेस ट्रकिन’’ ऐका. मूळ अल्बमवर पाच मिनिटांच्या आत आटोपणारे ते गाणे तिथे जवळपास वीस मिनिटे चालते. आपल्याकडे दोन ओळींची बंदिश घेऊन गायक अर्धा तास राग मांडतो, त्या वृत्तीच्या हे अधिक जवळ आहे, आणि तसे म्हणण्यात मला त्यांचा गौरवच अभिप्रेत आहे.

आता याच्या शेजारी येसचे ‘क्लोज टू द एज’ ठेवा. साडेअठरा मिनिटांहून लांब असलेली ती रचना चार भागांत बांधलेली आहे, आधी ऐकलेली चाल पुढे वेगळ्या रूपात परत येते, आणि ते परतणे आधीच योजलेले असते. हा अल्बम १९७२ चा आणि डीप पर्पलचा ‘मशीन हेड’ही त्याच वर्षीचा. येसच्या अल्बमवर तीन रचना आहेत, ‘मशीन हेड’वर सात गाणी. एकाच वर्षी, एकाच देशात, दोन गटांनी दोन वेगळ्या वाटा किती जाणीवपूर्वक धरल्या होत्या, हे यावरून कळते. ब्लॅकमोरला तर वाद्यवृंदाबरोबर वाजवणारा गट ही ओळख नकोच होती. ‘इन रॉक’ हा अल्बम त्या ओळखीला दिलेले उत्तर होता. ज्या घरातून माणूस स्वतःहून बाहेर पडला, त्या घराच्या नावाने त्याला का ओळखावे?

प्रतिसाद २

पहिल्या प्रतिसादातले ‘चाइल्ड इन टाइम’चे विश्लेषण मला मान्य आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही, कारण त्यात आजच्या व्याख्या १९६९ वर लादल्या जात आहेत.

त्या वर्षी हार्ड रॉक आणि प्रोग्रेसिव्ह रॉक असे दोन कप्पे अस्तित्वातच नव्हते. एकेका सुट्या गाण्याच्या लोकप्रियतेपेक्षा अखंड अल्बमचा विचार करणाऱ्या सगळ्या नव्या गटांना सरसकट ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हटले जात असे. ईएमआय कंपनीने १९६९ मध्ये हार्वेस्ट हे लेबल याच संगीतासाठी सुरू केले, आणि त्यावर पिंक फ्लॉइड व डीप पर्पल दोघेही होते. फिलिप्सच्या व्हर्टिगो लेबलवर ब्लॅक सॅबथ, युराया हीप आणि जेंटल जायंट हे तिघेही एकाच छपराखाली नांदत होते. युराया हीपच्या १९७१ च्या ‘सॅलिसबरी’ या अल्बमचे शीर्षकगीत सोळा मिनिटांचे असून त्यात चोवीस वादकांचा वृंद आहे. ते ऐकताना हार्ड रॉक कुठे संपते आणि दुसरे काही कुठे सुरू होते, हे बोट ठेवून दाखवणे मला तरी जमलेले नाही.

डीप पर्पलपुरते बोलायचे तर १९६८ ते १९६९ या दीड-दोन वर्षांतला गट हा ऑर्गनवादक जॉन लॉर्डचा गट होता. लेस्टरमध्ये लहानपणी शास्त्रीय पियानो शिकलेल्या या माणसाने पहिल्याच अल्बमवर ‘आय ॲम सो ग्लॅड’च्या आधी रिम्स्की-कोर्साकोव्हच्या ‘शेहेरझाद’मधली चाल आणली, आणि दुसऱ्या अल्बमवर बीटल्सच्या गाण्याला बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचे प्रवेशद्वार बांधले. ही दोन्ही उदाहरणे थोडी बाळबोध आहेत. पण ‘एप्रिल’ तशी नाही. तिचा पहिला भाग गटाने वाजवलेला, मधला भाग लॉर्डने लिहिलेला आणि केवळ सुषिर व तंतुवाद्यांवर सोपवलेला, आणि शेवटच्या भागात गटाचा तेव्हाचा गायक रॉड एव्हन्स याचे गाणे. मधल्या भागात गट पूर्णपणे थांबतो. एका रॉक गटाने स्वतःच्या अल्बमवर स्वतः गप्प बसायचे ठरवावे, यात मला मोठे धाडस दिसते.

एक तारीखही लक्षात घ्यावी. ‘कॉन्चेर्टो’ रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासह, माल्कम अर्नोल्ड यांच्या संचालनाखाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी सादर झाला. ज्या अल्बमपासून बहुतेक लोक प्रोग्रेसिव्ह रॉकचा आरंभ मोजतात, तो किंग क्रिमझनचा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’ त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला. घरातून बाहेर पडल्याचा दाखला वर दिला आहे. घराचा पाया खणला जात असताना जो माणूस तिथे कुदळ घेऊन उभा होता, त्याचे नाव त्या घराच्या इतिहासातून गाळता येत नाही.

प्रतिसाद ३

मी काही वर्षे एका हौशी गटात कीबोर्ड वाजवत होतो, त्यामुळे वाद्याच्या अंगाने लिहितो.

जॉन लॉर्डने हॅमंड ऑर्गनला मार्शलच्या गिटार ॲम्प्लिफायरची जोड दिली. एवढ्या एका निर्णयाने त्या वाद्याचा स्वभावच पालटला. ऑर्गन खरखरीत झाला, गुरगुरू लागला, आणि गटात दुसऱ्या गिटारची जागा त्याने घेतली. ‘मशीन हेड’वर कित्येक ठिकाणी गिटार कोणती आणि ऑर्गन कोणता हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वेगळे काढता येत नाही. याउलट जेनेसिसचा टोनी बँक्स किंवा येसचा रिक वेकमन यांच्या हाती कीबोर्ड वाद्यवृंदाचे काम करतात. मेलोट्रॉनवर (ध्वनिफितींवरून इतर वाद्यांचे आवाज काढणाऱ्या कीबोर्डवर) तंतुवाद्यांचे पडदे उभे करणे, सिंथेसायझरने रंग भरणे, एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात नेणे ही त्यांची कामे. लॉर्डला शास्त्रीय संगीताचे ज्ञान या दोघांपेक्षा कमी होते असे कोणी म्हणणार नाही, पण १९७० नंतर त्याने ते ज्ञान गाण्याच्या पोटात दडवले. ‘हायवे स्टार’मध्ये ऑर्गन आणि गिटार या दोन्ही सोलोंखाली बाखच्या धाटणीची स्वरसंगतींची साखळी चालते. ऐकणाऱ्याला फक्त वेग जाणवतो. त्या साखळीचा पुढचा वारसा ब्लॅकमोरच्या रेनबो या पुढच्या गटाकडे आणि तिथून गिटारवादक यंगवी माल्मस्टीनकडे गेला.

म्हणून माझे उत्तर असे आहे की शास्त्रीय संस्कार समान असले तरी त्यांचा उपयोग वेगळा झाला. तुमच्या बैठकीत ‘हायवे स्टार’ आणि येसचे ‘राउंडअबाउट’ लागोपाठ वाजवून दोन्हींतल्या ऑर्गनकडेच कान लावा. अर्ध्या तासाच्या चर्चेपेक्षा त्यातून जास्त उमगेल.

प्रतिसाद ४

वारसा माल्मस्टीनपाशी थांबत नाही. प्रोग्रेसिव्ह मेटलमधले अग्रगण्य नाव असलेल्या ड्रीम थिएटरने २००६ मध्ये ओसाका येथे ‘मेड इन जपान’ हा संपूर्ण अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत मंचावर वाजवला. स्वतः प्रोग्रेसिव्ह म्हणवणाऱ्या गटाला डीप पर्पल आपले पूर्वज वाटतात, हे नोंदवण्यासारखे आहे.

आणखी एक मुद्दा मुंबईशी नाते सांगणारा आहे. ‘चाइल्ड इन टाइम’ची मूळ चाल डीप पर्पलची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या गटाच्या १९६९ च्या अल्बमवर ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची व्हायोलिनप्रधान रचना आहे, तिच्यावरून ती घेतली, आणि गिलनने हे ऋण उघडपणे मान्यही केले आहे. दोन्ही लागोपाठ ऐकल्यास त्यांनी तीच चाल किती संथ केली आणि त्या संथपणातून ताण कसा निर्माण केला, हे दिसते. पहिल्या प्रतिसादातल्या ‘साधा सांगाडा’ या शब्दांवर मला म्हणूनच आक्षेप आहे. उसनी घेतलेली चाल इतकी बदलून टाकणे हेही रचनाकाराचेच काम आहे. १९९५ मध्ये हा गट मुंबईत येऊन वाजवून गेला, तेव्हा ब्लॅकमोरच्या जागी स्टीव्ह मोर्स नुकताच आला होता, आणि मोर्स त्याआधी कॅन्ससमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या एका नामांकित प्रोग्रेसिव्ह गटात, वाजवत असे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

‘एप्रिल’बद्दलचे म्हणणे मी स्वीकारतो. लेबलांचा इतिहासही पटण्यासारखा आहे, पण दुकानदाराने दोन वस्तू एका फळीवर ठेवल्या म्हणून त्या एका जातीच्या ठरत नाहीत. ‘कॉन्चेर्टो’बाबत मात्र माझी शंका कायम आहे. त्याच्या पहिल्या भागात वाद्यवृंद आणि गट आळीपाळीने, जणू एकमेकांवर कुरघोडी करत वाजवतात. दोन संगीते शेजारी ठेवली जातात, ती मिसळत नाहीत. प्रोग्रेसिव्ह रॉकने नेमके हे मिसळण्याचे काम केले.

प्रतिसाद २ (पुन्हा)

पहिल्या भागाचे वर्णन अचूक आहे, आणि तो विरोध लॉर्डने मुद्दाम योजलेला आहे. दुसऱ्या भागात दोन चाली वाद्यवृंद आणि गट यांच्यात फिरत राहतात आणि गिलनचा आवाज येतो. तिसऱ्या भागात, इयन पेसचा ड्रमचा एकल तुकडा सोडला, तर सगळे संगीत दोघे मिळून वाजवतात. भांडणापासून सहवादनापर्यंतचा हा प्रवास आधीच लिहून ठेवलेला आहे. ‘क्लोज टू द एज’साठी तुम्ही जी कसोटी लावली, म्हणजे पूर्वनियोजित बांधणी, तीच इथे लावा आणि मग सांगा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मी आता गटाचा प्रश्न बाजूला ठेवून एकेका रचनेचा विचार करणार आहे. पहिल्या बैठकीत ‘एप्रिल’ आणि ‘कॉन्चेर्टो’चा तिसरा भाग घेतो, आणि ‘हायवे स्टार’ व ‘राउंडअबाउट’ ही जोडी तिसऱ्या बैठकीत. ‘चाइल्ड इन टाइम’ मात्र ‘बॉम्बे कॉलिंग’सह ऐकून त्याचा निर्णय बैठकीवरच सोडतो. एक शेवटची विचारणा: ‘कॉन्चेर्टो’चे १९६९ चे ध्वनिमुद्रण लावावे की १९९९ चे?

प्रतिसाद २ (पुन्हा)

१९६९ चेच लावा. मूळ स्वरलिपी हरवली होती, ती नव्याने सिद्ध करून १९९९ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासह त्याच सभागृहात प्रयोग झाला, आणि ते वादन अधिक सफाईदार आहे. परंतु तुमच्या प्रश्नाचे उत्तर जुन्या ध्वनिमुद्रणातच आहे. गिलन आणि बास गिटारवादक रॉजर ग्लोव्हर गटात येऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते, आणि हा गट पुढे कोणत्या वाटेने जाणार हे तिथे वाजवणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. तिसऱ्या भागात ते ऐकू येते.