उतरणीला अंगठ्याचं नख काळं पडतंय, बूट किती नंबरचा घ्यावा?

प्रश्न : सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी चालू आहे. यवतेश्वरचा घाट चढताना त्रास नाही, उतरताना मात्र अंगठा पुढे आपटतो आणि नख काळं पडतं. चपलेचा नंबर ८, बूटही यूके ८. नऊ नंबर घातला की टाच उचलते. मग घ्यायचा तरी कितीचा?

घाटवाट : चपलेचा नंबर विसरा, पाय मोजा. तेही संध्याकाळी, कारण दिवसभराने पाय थोडा फुगतो. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा, भार त्याच पायावर, आणि सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा. पुष्कळांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेही बघा. दोन्ही पायांत जो मोठा, त्याचं माप धरायचं. पळायचे मोजे घालून बुटात उभं राहिल्यावर बोटापुढे १० ते १२ मिमी जागा हवी. यूकेचा एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिमी, अर्धा म्हणजे चारच्या आसपास. तेव्हा आधी साडेआठ घालून बघा. कंपनी बदलली की पुन्हा तपासा : यूके ८ म्हणजे आदिदासच्या तक्त्यात २६.५ सेंमी, नाइकीच्या तक्त्यात २७.

दुहेरीगाठ : लांबीआधी रुंदी बघा. आतला सोल बाहेर काढून त्यावर उभे राहा. करंगळीखालचा चवडा कडेबाहेर आला, तर बूट अरुंद आहे. अशा वेळी लोक लांबी वाढवतात आणि टाच सैल होते. पुरुषांत नेहमीची रुंदी डी, त्याहून रुंद हवा तर २ई मागा.

टाचेसाठी सगळ्यात वरचं, जरा मागे असलेलं भोक वापरा. ते रिकामं सोडायला दिलेलं नाही! लेस त्याच बाजूच्या त्या भोकात घालून छोटा फास ठेवा, दोन्हीकडे. मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवा, टाच मागे दाबून धरा, टोकं खाली ओढा आणि गाठ मारा. पाय पुढे सरकायचा थांबतो. पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या आल्या तर मधल्या भोकांतली लेस सैल करा, वरची नको.

पाऊसपाय : ही शर्यत पावसाळ्यात असते, म्हणून सुती मोजे नकोत. ओले झाले की चुरगळतात आणि फोड येतात. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला. उन्हात किंवा हीटरपुढे ठेवलात तर चिकटवलेला सोल सुटू शकतो. नखं मात्र आजच सरळ कापा.